क्लचचा हात सुन्न, हृदयात स्टेंट, आणि डॉक्टर म्हणतात गाडी सोडा : जुनी स्कूटर चालवणाऱ्या काकांना सविस्तर उत्तर

नमस्कार काका. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय ना ते तुम्हालाही बघता येईल आणि इतरांनाही संदर्भ लागेल. वय ६७, हातगिअरची व्हेस्पा पीएक्स, अर्धं आयुष्य हीच गाडी. डायबेटिस आहे, त्यासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू. पाच महिन्यांपूर्वी स्टेंट बसला, तेव्हापासून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आणि एक बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी. डावा हात रात्री सुन्न होतो, अंगठा आणि शेजारची दोन बोटं, आणि अर्धा तास गाडी चालवली की तसंच होतं. किक मारताना उजवा गुडघा दुखतो. हृदयाचे डॉक्टर म्हणाले "आता टू-व्हीलर बंद", मुलगा म्हणतो विकून टाका, आणि तुम्ही विचारताय की डॉक्टर उगाच घाबरवतायत का खरंच वेळ आली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं हाताच्या आणि खांद्याच्या पुनर्वसनाचं काम करते, आणि स्वतः लँब्रेटा चालवते, त्यामुळे जुन्या स्कूटरवाले पेशंट एकमेकांना सांगत सांगत माझ्याकडे येत राहतात. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत आणि हृदयाच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही जो प्रश्न विचारलाय, विकू की नको, तो एक प्रश्न नाहीये, त्यात चार वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत आणि म्हणून उत्तर सापडत नाहीये. चालवताना अचानक शुद्ध हरपू शकते का, हा पहिला. गाडी ताब्यात ठेवण्याइतके हातपाय चालतात का, हा दुसरा. दिसतं-ऐकू येतं का, मान वळते का, हा तिसरा. आणि पडलात तर शरीर ते सोसेल का, हा चौथा. पहिल्याचं उत्तर वाईट आलं तर गाडी थांबवायचीच, तिथे मी कुणाच्याही भिडेला पडत नाही. दुसऱ्यात मात्र करण्यासारखं एवढं असतं की लोक त्याआधीच गाडी विकून मोकळे होतात आणि मग मला फार वाईट वाटतं.

आता तुमच्या डॉक्टरांचं "बंद". ते तुम्हाला घाबरवत नाहीयेत. त्यांच्यासमोर स्टेंट झालेला, डायबेटिस असलेला, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या घेणारा माणूस आहे आणि त्याने टू-व्हीलर हा शब्द उच्चारला, एवढ्या माहितीवर कोणताही सावध डॉक्टर नाहीच म्हणेल. तुम्ही कुठे जाता, किती वेगाने, रात्री का दिवसा, आणि मुख्य म्हणजे ही गाडी शरीराकडून नेमकं काय मागते हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. ज्यांनी कधी हातगिअरची स्कूटर चालवली नाही त्यांना कल्पनाच नसते की क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मनगटात आहेत.

हे असं का आहे ते बघा. व्हेस्पा आली १९४६ मध्ये, पियाजिओ कंपनीची, आणि ती आखणारे कोराडिनो दास्कानियो हे विमानांचे इंजिनिअर, त्यांना मोटारसायकल मुळात आवडत नव्हती. पाय टाकून बसावं लागू नये, कपडे खराब होऊ नयेत, गिअर पायात नको हातात हवा, असा त्यांचा विचार. पुढच्याच वर्षी इनोचेंटीची लँब्रेटा आली, तिचाही गिअर लवकरच हातात आला. त्याचा फायदा म्हातारपणी फार मोठा आहे, कारण पाय न उचलता समोरून सरळ आत शिरता येतं, खुबा किंवा गुडघा बदललेल्या माणसाला मोटारसायकलपेक्षा हे कितीतरी सोपं. पण जे काम मोटारसायकलवर डावा पाय करतो ते इथे डाव्या मनगटावर आलं. पहिल्या गिअरला मनगट मागे वळतं, चौथ्याला पुढे खाली झुकतं, आणि दोन्ही वेळा बोटांनी क्लच दाबून धरलेला असतो. गर्दीच्या रस्त्यावर हे मिनिटामिनिटाला. तुमचा हात सुन्न होण्याचं निम्मं उत्तर इथे आहे, त्याकडे येतेच, पण आधी शुद्ध हरपण्याचं बघू कारण ते जास्त महत्त्वाचं आहे.

स्टेंट व्यवस्थित बसलाय, छातीत दुखत नाही, हृदयाचं पंपिंग बरं आहे, चक्कर किंवा धडधड नाही, असं असेल तर निव्वळ स्टेंट आहे म्हणून गाडी कायमची बंद अशी वेळ सहसा येत नाही. पण या "असेल तर" मधली प्रत्येक गोष्ट तुमच्या डॉक्टरांकडून वदवून घ्यायची, आपण गृहीत धरायची नाही. एकदा जरी डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडला असाल, काही सेकंद का होईना, तर कारण सापडून उपचार होईपर्यंत गाडीला हात लावू नका. फिट आली असेल, अर्धांगाचा छोटा झटका येऊन गेला असेल, तरी तेच. अशा आजारांनंतर किती दिवस वाहन चालवायचं नाही आणि परवाना देणाऱ्या खात्याला कळवायचं की नाही याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते तुमच्या इथले विचारून घ्या, इन्शुरन्सचेही.

तुमच्या यादीत मला स्टेंटपेक्षा जास्त खटकलं ते ग्लिमेपिराइड. मेटफॉर्मिन एकट्याने साखर सहसा धोकादायक खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन नेऊ शकतात, विशेषतः जेवण उशिरा झालं किंवा नेहमीपेक्षा जास्त अंगमेहनत झाली तर. आणि सकाळी लवकर निघून दोन-तीन तास फिरून येणं, मधे नाश्ता पुढे ढकलणं, हे आपण स्कूटरवाले किती सहज करतो. त्यात तुम्हाला बीटा ब्लॉकर आहे. साखर उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, ही जी आधी धोक्याची सूचना मिळते ती बीटा ब्लॉकरने दबू शकते. घाम येतो, तो बहुतेक राहतो, पण हेल्मेट-जॅकेटमध्ये गरम होऊन घाम येतोय का साखर उतरल्याने येतोय हे कसं ओळखणार? म्हणून अंदाजावर जाऊ नका, मीटरवर जा. निघण्याआधी साखर तपासायची, ९० च्या खाली असेल तर खाऊन, थांबून, परत तपासून मगच निघायचं. लांब जायचं असेल तर दर दोन तासांनी. साखर किंवा ग्लुकोज खिशात, डिकीत नाही, कारण हात थरथरताना डिकीचं कुलूप उघडत नाही. आणि रस्त्यात साखर उतरलीच तर गोड खाल्ल्यावर दहा मिनिटांत बरं वाटतं पण डोकं पूर्ण ताळ्यावर यायला आणखी वेळ लागतो, साखर नॉर्मल झाल्यानंतर पाऊण तास तरी गाडी चालू करायची नाही. डायबेटिसच्या डॉक्टरांना सरळ विचारा की मी टू-व्हीलर चालवतो, साखर खाली न नेणारी दुसरी गोळी मला चालेल का. आता तसे पर्याय आहेत, तुम्हाला बसतील का ते त्यांनी ठरवायचं.

दुसरी एक साधी गोष्ट म्हणजे उभं राहिल्यावर बीपी पडणं. हृदयाच्या, बीपीच्या, प्रोस्टेटच्या गोळ्या एकत्र झाल्या की हे होतं. तपासायला सोपं आहे, आडवं असताना बीपी घ्यायचं, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा त्याहून जास्त पडला तर डॉक्टरांना सांगा. आणि लघवी जास्त होणारी गोळी फिरायला जायच्या दिवशी परस्पर चुकवणं बरेच जण करतात, कृपा करून करू नका, डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्या, ते बहुतेक वेळा हो म्हणतात, कोणी विचारतच नाही.

तसंच हाताच्या मुंग्यांसाठी तुम्हाला कोणी प्रीगाबालिन, गाबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिन दिलं तर सुरुवातीच्या दिवसांत आणि डोस वाढवल्यावर झोप, गुंगी, तोल जाणं होऊ शकतं. हात बरा आणि डोकं जड, असा सौदा स्कूटरवर चालत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते, ट्रामाडॉल या दुखण्याच्या गोळीने येते. नवीन गोळी सुरू झाली की आधी काही दिवस बिनगाडीचे काढा आणि ती तुम्हाला कशी मानवते ते बघा.

आता हात. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट सुन्न, रात्री जास्त, हात झटकल्यावर बरं वाटतं, हे वर्णन कार्पल टनेलकडे बोट दाखवतं, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी मीडियन नस दबतेय. डायबेटिस असलेल्यांना आणि थायरॉइड कमी असलेल्यांना हे जास्त होतं, म्हणून थायरॉइडची रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्या. मनगट पूर्ण पुढे किंवा पूर्ण मागे वाकलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो, पाण्याच्या पाइपवर पाय ठेवल्यासारखं, आणि स्कूटरचा गिअर नेमकं तेच दिवसभर करायला लावतो. पण करंगळी आणि तिच्या बाजूचं अर्धं बोट सुन्न होत असेल तर ती नस वेगळी, अल्नर, ती कोपरात किंवा तळहाताच्या कडेला हँडलवर रेलून दबते. दोन्ही हात आणि दोन्ही पाय सारखेच सुन्न होत असतील तर डायबेटिसची न्यूरोपॅथी, म्हणजे साखरेने नसांना झालेली इजा, आणि मानेतून निघणारी नस दबली तरी बोटांत मुंग्या येतात. हे सगळं एकत्रही असू शकतं, म्हणून अंदाजाने पट्टा घालून बसण्याऐवजी नसांची तपासणी, नर्व्ह कंडक्शन, करून घ्या. सुईइतकी टोचत नाही, जरा झटके बसतात एवढंच.

निदान कार्पल टनेलचंच निघालं आणि त्रास सौम्य-मध्यम असेल तर पहिला उपाय म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट. लोक तो दिवसा घालून गाडी चालवतात आणि रात्री काढून झोपतात, नेमकं उलटं. स्प्लिंट घालून गाडी चालवायची नाही, मनगट वळत नाही मग कोपर आणि खांदा वेडावाकडा फिरवून गिअर टाकला जातो आणि हँडल हलतं. रात्रीचा स्प्लिंट सहा आठवडे तरी नेटाने वापरा मग ठरवा. स्टिरॉइडचं इंजेक्शन बऱ्याच जणांना आराम देतं पण डायबेटिसमध्ये त्यानंतर काही दिवस साखर चढते, तेवढे दिवस मीटर जवळ ठेवा. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसायला लागला, शर्टाचं बटण लावता येईना, हातातून वस्तू निसटायला लागल्या तर वाट बघू नका, नस फार दिवस दबलेली राहिली तर गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही. ऑपरेशन छोटं असतं, बऱ्याचदा हात बधिर करून होतं. तुमच्या रक्ताच्या गोळ्यांचं काय करायचं हे हाताच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं, या ऑपरेशनला त्या बंद कराव्या लागतीलच असं नाही, आणि स्टेंटनंतर पहिल्या वर्षात त्या गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत, हे मी माझ्या प्रत्येक पेशंटला तोंडपाठ म्हणायला लावते.

ऑपरेशननंतर मुंग्या लवकर जातात पण तळहाताच्या बुडाशी दुखणं काही आठवडे ते काही महिने राहतं, पकड पूर्ववत व्हायला साधारण तीन महिने धरा. गाडीवर कधी बसायचं यासाठी मी तारीख देत नाही, चाचणी देते. गाडी बंद, स्टँडवर, कोणीतरी शेजारी उभं. क्लच दाबायचा, गिअर फिरवायचा, सोडायचा, असं लागोपाठ पन्नास वेळा, गिअर अडला तर गाडी थोडी हलवून. दुखू लागलं, शेवटी क्लच पूर्ण दाबला जाईना, किंवा नंतर अर्ध्या तासात मुंग्या आल्या, तर अजून वेळ आहे. हीच चाचणी तुम्ही आजही करू शकता आणि त्यात काय झालं ते डॉक्टरांना सांगू शकता.

पण काका, हाताबरोबर गाडीवरही उपचार करा, हे मला फार कळकळीने सांगायचंय. माझ्याकडे येणाऱ्या स्कूटरवाल्यांच्या गाड्यांचा क्लच मी स्वतः दाबून बघते आणि तो बऱ्याचदा इतका जड असतो की माझाही हात भरून येतो. वर्षानुवर्षं हळूहळू जड झाल्यामुळे मालकाला कळतच नाही. आतली तार आणि बाहेरचं कव्हर दोन्ही नवीन टाका, कव्हर आतून टेफ्लॉनचं घ्या, हेडसेटमध्ये, म्हणजे हँडलच्या खोक्यात, तार कुठे तीव्र वळण घेते ते मेकॅनिकला बघायला सांगा, लिव्हरची पिन झिजली असेल तर बदला. गिअरच्या दोन्ही तारांनाही तेच, आणि गिअरचा दांडा हेडसेटमध्ये जिथे फिरतो तिथे ग्रीस. कोणी पूर्वी इंजिन जोरदार करताना क्लचला कडक स्प्रिंग टाकल्या असतील तर मूळच्या परत टाका. मग लिव्हर आणि ग्रिपमधलं अंतर, आखूड बोटांना फार ताणावं लागत असेल तर तेही जुळवता येतं. ग्रिप कडक झालेली असेल तर थोडी जाड मऊ ग्रिप घाला, फार जाड नको, जाड ग्रिप पिळायला उलट जास्त जोर लागतो. इंजिन जिथे चेसिसला लागतं तिथले रबर, सायलेंट ब्लॉक, फाटले की सगळी थरथर हातात येते, ते बदला. छोटी चाकं खड्ड्यात जास्त आपटतात आणि तो धक्का मनगटातच येतो, म्हणून पुढचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टायरमधली हवा. एवढं केल्यावर ऑपरेशनची गरज संपेल असं मी म्हणत नाही, पण केवळ तारा बदलून रात्रीच्या मुंग्या निम्म्यावर आलेले पेशंट मी पाहिलेत.

गुडघ्याचं त्यामानाने सोपं. किकचा मार उजव्या गुडघ्यावर येतो आणि इंजिनच्या ठिणगीचं टायमिंग बिघडलेलं असेल तर किक उलटी मारते, ते दुखऱ्या गुडघ्याला फार वाईट. टायमिंग, प्लग, कार्बोरेटर नीट करा म्हणजे पहिल्या-दुसऱ्या किकला गाडी उठेल. किक गाडीच्या बाजूला उभं राहून, स्टँडवर, वरून शरीराचं वजन सोडून मारायची, बसल्या बसल्या गुडघा झटकून नाही. पीएक्समध्ये सेल्फ स्टार्टची मॉडेल्स आहेत, तुमची तशी नसेल तर बसवता येतो का ते चांगल्या मेकॅनिकला विचारा. मागचा ब्रेक उजव्या पायाला आहे हे मात्र विसरू नका. डायबेटिसमुळे तळव्याची जाणीव कमी झाली असेल तर पाय पेडलवर आहे का, किती दाबलाय, हे कळत नाही आणि ते स्वतःला समजत नाही हीच पंचाईत. डायबेटिसच्या डॉक्टरांकडे पायाला बारीक नायलॉनचा धागा टेकवून तपासतात, ती तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. पुढे कधी गुडघा बदलायची वेळ आली तर ब्रेक मारण्याचा वेग परत यायला साधारण सहा आठवडे लागतात, स्कूटरला त्याहून थोडा जास्त वेळ द्या कारण इथे थांबल्यावर तोलही पायांवर सांभाळायचा असतो.

डोळे आणि मान यावर फार लिहीत नाही कारण तुम्ही तक्रार लिहिलेली नाही, पण ६७ व्या वर्षी तक्रार नसली तरी तपासायचं. मोतीबिंदू सुरू झाला की समोरच्या दिव्यांचा झगमगाट होतो आणि जुन्या स्कूटरचा हेडलाइट आधीच क्षीण, म्हणून रात्रीचं चालवणं सगळ्यात आधी सोडा, त्याने बाकीचं जास्त वर्षं टिकतं. काचबिंदूत कडेचं दिसणं जातं आणि माणसाला पत्ताच लागत नाही. मान वळत नसेल तर दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावा, पण मान वळवल्यावर चक्कर येत असेल तर तो प्रश्न आरशाने सुटणारा नाही, दाखवून घ्या.

चौथा प्रश्न, पडलात तर काय. इथे तुमच्या डॉक्टरांची भीती मला पूर्ण पटते. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू असताना डोक्याला लागलं तर आत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि वय वाढलं की तो रक्तस्राव हळूहळू, काही तासांनी किंवा दिवसांनीही दिसू शकतो. म्हणून या काळात डोकं आपटलं तर "काही झालं नाही, उठलो, घरी आलो" असं करायचं नाही, बरं वाटत असलं तरी हॉस्पिटल गाठायचं आणि गोळ्यांची नावं पहिल्या वाक्यात सांगायची. पाकिटात एक कार्ड ठेवा, आजार, स्टेंटची तारीख, गोळ्या, डोस, घरच्यांचा फोन. हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं, बोटं दुखत असतील तर एका हाताने लागणारं बक्कल असलेलं. आता यातच तुमच्या प्रश्नाचं मधलं उत्तर आहे. दोन गोळ्यांचा हा काळ बहुतेकांना कायमचा नसतो, स्टेंट कशासाठी बसवला त्यावर तो ठरतो, बऱ्याचदा सहा महिने ते एक वर्ष, मग एकच गोळी राहते. म्हणजे डॉक्टरांचं "बंद" हे "आयुष्यभर बंद" आहे का "दोन गोळ्या चालू आहेत तोवर बंद", हे तुम्ही विचारलेलंच नाहीये! पुढचे काही महिने थांबून तेवढ्यात हात आणि गाडी दोन्ही दुरुस्त करून घेणं हा मला सगळ्यात शहाणपणाचा रस्ता वाटतो. कोणी विचारलं तर मी आज तुम्हाला गाडीवर बसा म्हणणार नाही, आणि आज विका असंही म्हणणार नाही.

थांबलेल्या काळात गाडीची डागडुजी कराल हे मला माहीत आहे, म्हणून गॅरेजबद्दल थोडं. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका, अगदी दोन मिनिटंही नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा घेतो आणि हृदयाच्या पेशंटला कमी श्रमातही छातीत दुखू शकतं. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ड्रममधली धूळ फुंकायची किंवा हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. स्टँडवर घेताना गाडी कमरेने उचलू नका, स्टँडवर पाय ठेवून शरीराचं वजन त्यावर टाका, शंभर किलोच्या आसपास वजन आहे आणि इंजिन एका बाजूला असल्याने गाडी उजवीकडे झुकते. हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणाला पेसमेकर असेल तर चालू इंजिनच्या इग्निशनपासून छाती निदान ३० सेंटिमीटर लांब ठेवा, कव्हर काढून वाकून आवाज ऐकत बसायचं नाही. पेसमेकर बहुतेकदा डाव्या बाजूला बसवतात, म्हणजे क्लचचाच हात, त्यामुळे तो खांदा कधी मोकळा वापरायचा हे बसवणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि ज्यांची बायपास झालीय त्यांनी छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, स्टँड, किक आणि गाडी ढकलणं यातलं काहीही करू नये.

बिनगिअरची घ्यावी का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. हात खूपच गेला असेल तर हो, डाव्या मनगटाचं पिळणं वाचतं. पण एक धोका कोणी सांगत नाही. बिनगिअरच्या स्कूटरवर डावा लिव्हर हा ब्रेक असतो. इतक्या वर्षांच्या सवयीने तुमचा डावा हात घाईच्या क्षणी तो क्लच समजून कचकन दाबणार आणि मागचं चाक लॉक होणार. म्हणून दोन्ही गाड्या आलटून पालटून वापरू नका, निदान पहिले काही महिने तरी नाही, आणि नवीवर आधी मोकळ्या मैदानात सराव करा. पुढे दोन चाकं असलेली तीनचाकी स्कूटर, पियाजिओचीच एमपी३ २००६ पासून आहे, तिचा तोल चांगला पण ती दोनशे किलोच्या वर जाते, दुखऱ्या गुडघ्याने मागे ढकलून बघा मगच ठरवा. साइडकार लावलेली स्कूटर तोल सांभाळायला सोपी पण हँडलला जोर जास्त लागतो, तुमच्या मनगटाला ती नको.

तर पुढच्या भेटीला हृदयाच्या डॉक्टरांकडे जाताना मुलाला घेऊन जा आणि फोनवर एक छोटा व्हिडिओ न्या, तुमचा हात क्लच दाबून गिअर टाकतोय, पाय ब्रेकवर जातोय, असा. आणि एका कागदावर लिहा : माझी गाडी साधारण या वेगाने चालते, मी दिवसा एवढंच अंतर जातो, शुद्ध हरपली किंवा साखर उतरली असं असं झालंय किंवा झालेलं नाही. मग विचारा, दोन गोळ्या कधी एकवर येणार, हृदयाच्या बाजूने अचानक शुद्ध जाण्याचा धोका माझ्यात आहे का, आणि कोणती तपासणी चांगली आली तर तुम्ही हो म्हणाल. मुलाने हे समोर बसून ऐकलं की त्याचीही भीती बरीचशी प्रश्नांत बदलते, घरातलं भांडण कमी होतं, हे मी बऱ्याच कुटुंबांत पाहिलंय. आणि समजा उत्तर "नाही" असंच आलं, तर त्यांनी कारण सांगितलेलं असेल, आणि कारण कळलेलं "नाही" स्वीकारणं निदान सोपं जातं. काही माझे पेशंट आता चालवत नाहीत पण इतरांच्या गाड्यांचे कार्बोरेटर उघडून बसतात, मागे बसून फिरायला जातात. त्यांना दुःख नाही असं नाही, आहे, आणि ते बोलून दाखवायची त्यांना जागा हवी असते, ती घरच्यांनी द्यावी.

नर्व्ह कंडक्शनचा रिपोर्ट आला की इथे आकड्यांसकट लिहा, करंगळीही सुन्न होते का ते सांगा, आणि तुमची पीएक्स कोणत्या वर्षाची आहे आणि क्लचची तार शेवटची कधी बदलली तेही, म्हणजे हाताचं किती आणि गाडीचं किती याचा मला नीट अंदाज येईल.